तरुण बोका, म्हातारी मांजर आणि बाजारातलं सामान: डिफ्यूझर, जाळीचं दार, चिपवाला फीडर यांत पैसे कुठे घालावेत

घरात वर्षाचा बोका आणि त्याच्या धाकाने बारा वर्षांची मांजर पलंगाखाली, अशी परिस्थिती आली की बहुतेक लोक आधी फेरोमोनचा (मांजरं एकमेकांना खुणेसाठी सोडतात त्या गंधाच्या नकलेचा) डिफ्यूझर मागवतात. तो अगदीच कुचकामी नाही. पण आमच्या क्रमवारीत तो चौथा येतो. पहिलं जाळीचं दार, दुसरा मोठा, उघडा लिटर बॉक्स (मांजराची शी-शूची पेटी), तिसरी काठीला दोरी आणि पिसं बांधलेली खेळण्याची छडी. यांतल्या दोन वस्तू पेट शॉपमध्ये मिळतही नाहीत, म्हणून त्यांची जाहिरातही कुणी करत नाही.

काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. बोक्याची नसबंदी झाली नसेल तर ती आधी. नसबंदीनंतरही हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी साधू झालेला बोका मिळणार नाही. दुसरं, म्हाताऱ्या मांजरीची तपासणी: दात, थायरॉइड, किडनी आणि विशेषतः सांधे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तेव्हा ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. सांधे दुखणारी मांजर बोक्याच्या साध्या खेळकर उडीलाही फिस्कारून उत्तर देते, पळता येत नाही म्हणून कोपऱ्यात अडकते, आणि बोक्याला तेवढंच हवं असतं. दुखणं तसंच ठेवून घरभर यंत्रं लावली तर आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला. माणसांची वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

वायफाय कॅमेरा: घ्या, आणि खाली ठेवा

दादागिरी बहुतेक वेळा आवाज न करता चालते. ओरडाआरडा, उडणारे केस, रक्त हे नंतरचं. त्याआधी कितीतरी दिवस बोका नुसता बसलेला असतो: पॅसेजच्या मधोमध, लिटर बॉक्सपासून तीन-चार फुटांवर किंवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. शेपटीचं टोक हलतंय, नजर रोखलेली. मांजरी दोन पावलं येते, बघते आणि मागे फिरते. घरच्यांना वाटतं, किती शांत बसलेत दोघं. प्रत्यक्षात तिला पाणी प्यायला जाता आलेलं नसतं आणि सकाळपासून तिने लघवी धरून ठेवलेली असते. हे दिसण्यासाठी स्वस्तातला कॅमेरा पुरतो. तो छताला नको, जमिनीपासून फूटभर उंचीवर पॅसेजच्या तोंडाशी ठेवा, म्हणजे नजर आणि कान दिसतात. रात्रीचं रेकॉर्डिंग होणारा घ्या. पहाटे चार ते सहा या वेळेतलं फुटेज सगळ्यात बोलकं असतं. दोन-तीन दिवसांत कुठल्या जागी अडवणूक होते ते कळतं, आणि पुढचं सगळं सामान त्या जागांच्या हिशेबानेच मांडायचं आहे.

जाळीचं दार: सर्वांत जास्त उपयोगाची खरेदी

दोघांना पूर्ण वेगळं करून पुन्हा नव्याने ओळख करून देणं, या समस्येवरचा खरा उपाय हाच. बंद दाराने वेगळं करता येतं, पण ओळख करून देता येत नाही. त्यासाठी दिसेल, वास येईल, पण पंजा पोचणार नाही असं काहीतरी मधे हवं.

खिडक्यांच्या जाळ्या बसवणारा अ‍ॅल्युमिनियम सेक्शनवाला बेडरूमच्या चौकटीत असं दार करून देतो. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. जाळी स्टेनलेस स्टीलची हवी. डासांसाठी लावतात ती फायबरची जाळी तरुण बोका एका दुपारी नखांनी फाडतो. उंची चौकटीच्या वरच्या पट्टीपर्यंत पूर्ण हवी. आणि कड्या दोन, एक खाली आणि एक वर, कारण एकाच मधल्या कडीवर खालचा कोपरा ढकलून फट पडते. दाराखालची फट दोन बोटांपेक्षा जास्त नको. तिथूनच पंजे चालतात. चुंबकाने चिकटणारे जाळीचे पडदे या कामाला निरुपयोगी.

भाड्याच्या घरात भोकं पाडायची नसतील तर लहान मुलांसाठी मिळणारं, दाबावर बसणारं सेफ्टी गेट चालतं, पण एक नाही, एकावर एक दोन. एकाची उंची साधारण पाऊण मीटर असते आणि निरोगी तरुण मांजर ती न धावता पार करतं.

वापरायची पद्धत दाराइतकीच महत्त्वाची. म्हातारीला तिची आवडती खोली द्या आणि बोक्याला बाकीचं घर, उलट नको. हुसकावलेल्याला आणखी कोंडलं तर ती जागाही त्याचीच होते. सुरुवातीला जाळीचा खालचा भाग जुन्या चादरीने किंवा पुठ्ठ्याने पूर्ण झाका. काही दिवस फक्त वासाची देवाणघेवाण: एकाच्या गालावरून, ओठांच्या कडेवरून स्वच्छ मोजा फिरवायचा आणि दुसऱ्याच्या ताटलीशेजारी ठेवायचा. मोज्याकडे बघून फिस्कारणं थांबलं, बाजूला बसून निवांत खाणं सुरू झालं की पुढे.

मग दोघांच्या ताटल्या दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून दोन-तीन मीटर लांब. वेळ एकच. दोघंही शेवटपर्यंत खातात, मधे मान वर करून टक लावत नाहीत, असं सलग चार-पाच जेवणं झालं की ताटल्या वीतभर पुढे. अगदी दाराजवळ पोचल्यावर पुठ्ठा खालून चार बोटं उचला, जेमतेम पाय दिसतील एवढाच. पुढे तसाच हळूहळू वर. कुठल्याही टप्प्यावर बोका खाणं सोडून ताठ झाला किंवा म्हातारी ताटलीशी आलीच नाही, तर ओढून-ताणून पुढे जायचं नाही; मागच्या अंतरावर परत यायचं. काही घरांत हे तीन आठवड्यांत होतं, काही घरांत तीन महिने लागतात. फसतं ते बहुधा एकाच ठिकाणी: आठवडाभर शांतता दिसते, रविवारी पाहुणे येतात, कुणीतरी म्हणतं “आता काय, झाली की दोस्ती”, आणि दार उघडं राहतं. एक जोरदार पाठलाग झाला की वासाच्या मोज्यापासून सगळं पुन्हा.

जाळी पूर्ण उघडल्यावर पहिल्या भेटी पाच मिनिटांच्या, बोका छडीने खेळून दमलेला असताना, आणि त्या संपतानाही सगळं शांत असलं पाहिजे. रात्री आणि घरात कुणी नसताना दार बंदच.

लिटर बॉक्स: दुकानातला जवळजवळ प्रत्येक चुकीचा

दोन मांजरांना तीन बॉक्स हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तिन्ही बाल्कनीत ओळीने मांडले तर बोक्याच्या दृष्टीने ती एकच जागा. दोन वेगळ्या खोल्यांत आणि तिसरा पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, असं ठेवा. टू बीएचकेमध्ये हे जमतं. वन रूम किचनमध्ये निदान एकाकडे बघताना दुसरा दिसणार नाही इतपत आडोसा करा.

आकार म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. मध्यम मांजराला हे साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर येतं, तर दुकानातला ट्रे बहुधा ४०-५० सेंटिमीटरचा. म्हणून भांड्यांच्या दुकानातला, कपडे-चादरी भरून ठेवायचा मोठा प्लास्टिक टब घ्या. एका बाजूला ८ ते १० सेंटिमीटर उंचीवर गरम पातीने कापून प्रवेश करा आणि कड पॉलिशपेपरने घासा. सांधे दुखणारी मांजर वीतभर उंच काठ ओलांडत नाही, शेजारी बसते आणि घरातले म्हणतात, म्हातारपणी घाण करायला लागली. गोळे होणारं बारीक दाण्याचं, बिनवासाचं लिटर ५-७ सेंटिमीटर जाडीचं पुरे.

झाकणवाले बॉक्स या घरात बाद. आत गेलेल्या मांजरीला एकच तोंड असतं आणि त्या तोंडाशी बोका बसलेला असतो. महागडे आपोआप साफ होणारे बॉक्ससुद्धा याच कारणाने बाद, वर मोटरचा आवाज. टब भिंतीच्या कोपऱ्यात दाबून न ठेवता दोन बाजूंनी निघता येईल असा ठेवा. मांजर पुन:पुन्हा बसतंय, जोर करतंय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. बोका असेल तर मूत्रमार्ग बंद होणं जिवावर बेततं, आणि अशा वेळी भांडणाचा विचार नंतर.

फेरोमोन डिफ्यूझर: काय करतो, काय नाही

दिसायला डास पळवणाऱ्या लिक्विड मशीनसारखा, कामाचं तत्त्वही तेच: बाटलीतला द्रव गरम होऊन खोलीत पसरतो. सर्वांत माहितीतलं नाव सेवा या फ्रेंच कंपनीचं फेलिवे. त्यात वेगवेगळे प्रकार आहेत आणि इथेच बरेच पैसे वाया जातात. ‘क्लासिक’मध्ये मांजर गाल घासून सोडतं त्या फेरोमोनची नक्कल असते. ती जागेविषयीच्या अस्वस्थतेसाठी: घर बदललं, भिंतींवर लघवीची फवारणी सुरू झाली, भिंती ओरबाडल्या जातायत. मांजरांच्या आपसातल्या तणावासाठी वेगळा प्रकार, युरोपात ‘फ्रेंड्स’ आणि अमेरिकेत ‘मल्टिकॅट’ नावाने मिळणारा. त्यात पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीच्या स्तनांजवळून सुटणाऱ्या फेरोमोनची नक्कल आहे. ‘ऑप्टिमम’ हा नंतर आलेला, दोन्ही कामांसाठी विकला जाणारा.

पुराव्याबद्दल सांगायचं तर २०१९ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या ४५ घरांवरचा एक छोटा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. फेरोमोन लावलेल्या घरांत भांडणांचा स्कोअर फेरोमोन नसलेल्या डिफ्यूझरच्या घरांपेक्षा जास्त उतरला. पण उतरला दोन्हीकडे, आणि दोन्ही गटांतल्या लोकांना भांडण कसं हाताळायचं याची शिकवणी आधीच दिली होती. आमचं मत त्यावरून असं: जाळीच्या दारामागे लावाल तर मदत होते. एकटा लावून दोन महिने वाट बघाल तर म्हातारी पलंगाखालीच असेल.

लावताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सोफ्यामागे, टेबलाखाली, पडद्याआड लावला तर वाफ तिथेच तेलकट थर होऊन बसते. रात्री बंद, सकाळी चालू असं करायचं नाही. चोवीस तास चालू हवा. ४८ मिलिलिटरची बाटली महिनाभर चालते. एक डिफ्यूझर ५० ते ७० चौरस मीटरला पुरतो, पण मधल्या बंद दारांतून तो जात नाही. म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या दोन मांजरांना दोन डिफ्यूझर, हा खर्च आधी धरा. सतत उघड्या खिडकीजवळ किंवा पंख्याच्या झोतात लावणं म्हणजे सोसायटीतल्या सगळ्या मांजरांना फुकट सेवा. यंत्र सहा महिन्यांनी बदलायचं असतं, हे बाटल्या भरताना लोक विसरतात.

परदेशातून नातेवाइकांकडून मागवणार असाल तर एक धोका: अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं. अ‍ॅडॅप्टर लावून ते आपल्या २३० व्होल्टवर घातलं तर गरम होण्याचं काम प्रमाणाबाहेर होतं आणि ते जळू शकतं. यंत्र युरोपातलं, २३० व्होल्टचं घ्या. तिथली दोन पिनांची प्लग आपल्या सॉकेटमध्ये साधारण बसते. ढिली बसत असेल तर चांगला अ‍ॅडॅप्टर वापरा. बाटलीवरची मुदत बघून घ्या.

महिन्याभरात काहीच फरक नसेल तर दुसरी बाटली घेऊ नका.

चिपवाला फीडर

शुअरफीड मायक्रोचिप फीडर ही महागडी वस्तू, पण एका नेमक्या परिस्थितीत सर्वांत चोख: म्हातारीला किडनीचं वेगळं अन्न आहे, ती थोडं थोडं दिवसभर खाते, आणि बोका ते दोन मिनिटांत फस्त करतो. नोंदवलेल्या मांजराच्या कातडीखाली बसवलेली चिप कमानीखाली वाचली गेली की झाकण उघडतं, मांजर बाजूला झालं की बंद होतं. चिप नसेल तर सोबत मिळणारा टॅग पट्ट्याला लावता येतो. वाटी ४०० मिलिलिटरची, किंवा मधे दोन भाग असलेली.

खाचाखोचा अशा. बोका मागून किंवा बाजूने तोंड घालून म्हातारीच्या शेजारी खातो. त्यासाठी मागचं आवरण वेगळं मिळतं, नाहीतर फीडर भिंतीच्या कोपऱ्यात असा ठेवा की एकच मांजर पुढे मावेल. म्हातारीची पाठ मात्र मोकळ्या खोलीकडे उघडी पडणार असेल तर ती खाणारच नाही, तेव्हा जाळीच्या दाराआडची तिचीच खोली सर्वांत बरी. मोटरच्या आवाजाने म्हातारं मांजर दचकतं, म्हणून त्यात शिकवणीचा मोड आहे: झाकण आधी उघडंच, मग रोज किंचित जास्त हलणारं. पायरी न गाळता जा. मान वाकवायला त्रास होत असेल तर खाली चार बोटं उंचीची फळी द्या. चार सी सेल लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानात डबल ए मिळतात तसे हे मिळत नाहीत, चारांचा एक जादा संच घरात ठेवा. आणि झाकणाने माश्या थांबतात, मुंग्या नाही. परातीत पाणी, त्यात पालथी ताटली, त्यावर फीडर. पाणी फीडरच्या तळाला लागू देऊ नका.

वेगळं अन्न नसेल, दोघंही जेवणाच्या वेळी जेवत असतील, तर हा खर्च करायचं कारण नाही. दोन खोल्या आणि बंद दार तेच काम फुकट करतात.

याच कंपनीचं चिपवाचक कॅट फ्लॅपही (दारात बसवायचं मांजराचं छोटं झुलतं दार) मिळतं. बेडरूमच्या लाकडी दारात बसवलं तर म्हातारीला कायमची स्वतःची खोली होते: आत जाताना चिप तपासली जाते, बाहेर येणं मोकळं. दिशा उलटी बसवली तर सगळंच उलटं होतं, तेव्हा सुताराला करवत हातात घेऊ देण्याआधी बाण दाखवा. पत्र्याच्या दारात चिप वाचायला अडचण येते. म्हातारीसाठी फ्लॅप नेहमीपेक्षा खाली हवा. उणीव एकच पण मोठी: बोका फ्लॅपबाहेर दबा धरून बसायला शिकतो. बाहेरच्या बाजूला बाकडं किंवा खोकी ठेवून निघायच्या दोन वाटा केल्या तर ते कमी होतं.

छडी, घंटा, कॅट ट्री

बोक्याची निम्मी दादागिरी म्हणजे न वापरलेली शिकार. छडीने रोज दोनदा, दहा ते पंधरा मिनिटं, म्हातारीच्या जेवणाआधी. पिसं त्याच्या तोंडासमोर नाचवू नका. जमिनीलगत, कोपऱ्याआड पळवा, शेवटी पकडू द्या आणि लगेच खायला द्या. लेझर लाइट नको, पकडायला काहीच न मिळाल्यामुळे बोका आणखी पेटतो आणि समोर म्हातारी असते. खेळ झाल्यावर दोरी कपाटात. गिळलेली दोरी आतड्यात अडकते.

बोक्याच्या गळ्यात घंटा ही सर्वांत स्वस्त सोय. म्हातारीला तो येतोय हे कळतं. ओढ बसली की सुटणारा पट्टाच घ्या. म्हातारीला कमी ऐकू येत असेल तर उपयोग नाही.

छतापर्यंत जाणारी कॅट ट्री मात्र उलटी पडते. चढायची वाट एकच असेल तर वरचा मजला बोक्याचं सिंहासन होतो आणि तो तिथून साऱ्या घरावर नजर ठेवतो. त्याऐवजी वीतभर उंचीच्या पायऱ्यांनी चढता येतील अशा दोन-तीन बुटक्या फळ्या लावा, प्रत्येकीला चढायची एक वाट आणि उतरायची दुसरी.

घेऊ नये असं

सुगंधी तेलांचे ‘शांत करणारे’ डिफ्यूझर: मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत, टी ट्रीचं तेल तर सरळ विषारी. पाण्याची पिचकारी: बोक्याला त्यातून एवढंच कळतं की म्हातारी दिसली की अंगावर पाणी येतं. आणि ‘जोडीदार’ म्हणून तिसरं पिल्लू, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सगळं करूनही म्हातारी खात नसेल, वजन उतरत असेल, तर वर्तनावरची औषधं असतात, पण ती डॉक्टरनेच द्यायची. फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर जाळीचं दार उघडायचं नाही.

प्रत्यक्ष झुंज लागली तर हात मधे घालू नका. मोठं पुठ्ठ्याचं खोकं उलगडून पॅसेजजवळच्या भिंतीला टेकवून ठेवा. ते दोघांच्या मधे सरकवायचं आणि बोक्याला दुसऱ्या खोलीत वळवायचं. चावा बसलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, जखम वरून मिटते आणि आत पू होतो. दोन्ही मांजरांची रेबीजची लस झाल्याचं कार्ड सोबत न्या.